दोन तारा, एक ओझे



या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, कंत्राटी कामगार, किमान वेतन किंवा नव्या कामगार संहिता यांपैकी काहीतरी आम्ही सांगू. आम्ही सांगितले, "संगणकाच्या जाळ्यात दोन तारा एकत्र बांधल्या असता एक तुडुंब भरते आणि दुसरी रिकामी का राहते, यावर बोलतो." चिटणीस क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "लोक बसतील का?" आपण बसला आहात, तेव्हा त्यांच्या शंकेचे अर्धे उत्तर मिळाले. उरलेले अर्धे तासाभराने मिळेल.

विषय आमच्या धंद्याबाहेरचा आहे, हे आम्ही आधीच कबूल करतो. आमची शाळा आठवीत सुटली. पुढे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, लोकांना आलेल्या नोटिसा वाचता वाचता झाले. नोटिशीत जो शब्द कळत नाही तो कामगारालाच विचारावयाचा, एवढाच आमचा अभ्यासक्रम. बॉयलरचा दाब म्हणजे काय, रंगखात्यातल्या हौदावर किती वेळ उभे राहिले म्हणजे छातीत जळजळते, हे आम्ही कोणाच्या ना कोणाच्या बडतर्फीपायी शिकलो. आजचा विषयही तसाच, एका नोटिशीच्या पाठीवर बसून आमच्या दारी आला.

एका मोठ्या रुग्णालयातली ही हकिगत. नाव सांगत नाही. प्रकरण मिटले आहे. रुग्णालयाच्या दोन इमारती आहेत, जुनी आणि नवी. सीटी आणि एमआरआयची यंत्रे नव्या इमारतीत. त्यांनी काढलेली चित्रे ज्यात साठवतात तो सर्व्हर जुन्या इमारतीत. सीटीचा एक काप म्हणजे ५१२ गुणिले ५१२ ठिपके, दर ठिपक्यास २ बाइट, म्हणजे सुमारे अर्धा मेगाबाइट. आणि एका तपासणीत असे काप शेकड्यांनी असतात. शिवाय पहाऱ्याचे कॅमेरे अष्टौप्रहर चालू, त्यांचे चित्रण साठवणारे यंत्रही जुन्याच इमारतीत. या साऱ्यासाठी दोन इमारतींच्या दरम्यान फायबरच्या दोन तारा टाकलेल्या होत्या, प्रत्येकीची ताकद सेकंदाला १ गिगाबिट. बाइटांत सांगावयाचे तर प्रत्येकीतून सेकंदाला फार तर १२५ मेगाबाइट जातील. दोन्ही मिळून एक मोळी बांधलेली. या धंद्यातले लोक तिला लॅग म्हणतात, कोणी बाँड म्हणतात. आम्ही आपले मोळीच म्हणू.

सकाळी दहानंतर चित्रे साठ्यात पोहोचावयास उशीर होऊ लागला. चित्र आले नाही म्हणजे डॉक्टरांचा अहवाल नाही, अहवाल नाही म्हणजे बाहेर बाकावर बसलेला रुग्ण तसाच बसलेला. तक्रारी वर गेल्या. वरून एक आलेख छापून आला: एका तारेची रेघ माथ्याला टेकलेली, दुसरीची तळाशी निजलेली. त्या आलेखाच्या आधारे, जाळ्याची देखभाल करणाऱ्या कंत्राटी मुलाला नोटीस मिळाली. दुसरी तार त्याने नीट बसवली नाही, सबब कर्तव्यात कसूर, सबब सेवा समाप्त का करू नये? मुलाचे वय २६, घरात कमावता तोच. तो आलेख घेऊन आमच्याकडे आला आणि म्हणाला, "काका, तार चांगली आहे. पण हे त्यांना पटवू कसे?"

आम्ही त्याला म्हटले, "आधी आम्हांला पटव."

त्याने आम्हांला जे शिकवले ते समजावे म्हणून आम्ही आमच्याच ओळखीचे एक चित्र मनाशी धरले, तेच आपल्यापुढे ठेवतो. आमचे वडील गिरणीत होते. पगाराच्या दिवशी दोन खिडक्या उघडत. ज्याचा तिकीट नंबर सम त्याने डाव्या खिडकीवर जावयाचे, विषम त्याने उजव्या. कोणती रांग लांब आहे हे पाहून माणूस खिडकी निवडत नसे. नंबरच त्याची खिडकी ठरवीत असे. सम नि विषम नंबर सारखे असतील तोवर रांगा सारख्या. पण एखाद्या साळखात्यातल्या सगळ्यांना सम नंबर मिळाले असले, तर डावीकडची रांग दारापर्यंत आणि उजव्या खिडकीचा कारकून पान खात बसलेला. त्याला आळशी म्हणता येईल काय?

तारांच्या मोळीत नेमके हेच घडते. स्विच नावाची पेटी प्रत्येक पाकिटावरचे पत्ते वाचते, पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, त्यांवर एक ठराविक गणित करते, आणि उत्तर येईल त्या तारेवर पाकीट सोडते. या गणिताला हॅश म्हणतात. कोणत्या तारेवर किती ओझे आहे, हे साध्या स्विचांचे गणित विचारीतच नाही. त्याला पत्ते तेवढे ठाऊक.

आपल्यातले कोणी विचारतील, आणि चौकशीत साहेबांनीही विचारले, की एक पाकीट या तारेवर, पुढचे त्या तारेवर, असे का करीत नाही? निम्मे-निम्मे आपोआप होईल. होईल खरे. पण समजा, आपण दहा पानांचे पत्र दोन जासुदांकडे एकाआड एक पान देऊन पाठवले. एकाला वाटेत फाटक लागले. घेणाऱ्याच्या हाती तिसऱ्या पानामागून पाचवे, सातवे आणि नववे आले, चौथे नाही. तो समजणार की चौथे हरवले, आणि ते पुन्हा मागणार. इंटरनेटवरची बहुतेक देवाणघेवाण ज्या टीसीपी नावाच्या रिवाजाने चालते त्यात हेच होते. एकाच पानावर अडल्याची तीन जादा निशाण्या आल्या की पाठवणारा ते पान हरवले असे धरतो, पुन्हा पाठवतो आणि आपली चालही मंद करतो. म्हणजे समान वाटणीच्या नादात एकूण काम कमी व्हावयाचे. म्हणून एका संवादातली सगळी पाकिटे एकाच तारेने जावीत, असा दंडक पडला. लिनक्समध्ये पाळीपाळीने पाठवण्याची सोयही आहे, पण क्रम मोडण्याचा धोका पत्करून ती वापरावी लागते.

या मोळीचा थोडा इतिहास सांगतो, कारण त्यात एक गंमत आहे. इथरनेटचा अनेक मुखांचा पहिला स्विच १९९० साली अमेरिकेतल्या ज्या कंपनीने बाजारात आणला, तिचे नाव "कल्पना". विनोद भारद्वाज हे तिच्या संस्थापकांपैकी एक. अनेक तारा बांधून एकच तार म्हणून चालवण्याची "इथरचॅनल" ही युक्तीही तिचीच. १९९४ साली सिस्कोने ती कंपनी विकत घेतली. पुढे जो तो आपल्या रीतीने मोळी बांधू लागला, म्हणून आयट्रिपलई या संस्थेने २००० साली ८०२.३एडी नावाचे मानक केले. २००८ पासून ते ८०२.१एएक्स या क्रमांकाखाली आहे. आता पाहा, या मानकाने दोन टोकांनी एकमेकांशी कसे बोलावे ते ठरवून दिले, संवादाचा क्रम मोडू नये हेही बजावले. पण ओझे कोणत्या गणिताने वाटावे ते मात्र ज्याच्या त्याच्यावर सोडले. आणि प्रत्येक टोक फक्त आपण पाठवतो त्या मालाची वाटणी करते. येणारा माल कोणत्या तारेने यावा हे पलीकडचा ठरवणार. ही गोष्ट ध्यानात ठेवा, ती पुढे उपयोगी पडेल.

चौकशीच्या आधीच्या रविवारी परवानगी घेऊन आम्ही नव्या इमारतीतल्या त्या खोलीत गेलो. मुलाने प्रथम तुडुंब भरणारी पहिली तार उपसली. सगळा व्यवहार क्षणार्धात दुसरीवर गेला आणि सुरळीत चालला. पुन्हा जोडली, तर पुन्हा पहिलीवर आला. दोन्ही तारा मोळीत सामील असल्याचे दोन्हीकडचे स्विच सांगत होते. चुकांची मोजणी पाहिली, ती शून्य. म्हणजे तार मेलेली नव्हती, ढिली नव्हती; तिच्याकडे कोणी काम पाठवीतच नव्हते. नोटिशीतले पहिले कलम तिथेच पडले. आम्ही ते कागदावर लिहून, वेळ घालून, हजर असलेल्या दोघांच्या सह्या घेतल्या. ही आमची जुनी सवय.

दुसरी गोष्ट, तो आलेख. तो एका टोकाचा होता, आणि फक्त जाणाऱ्या मालाचा. येणारा माल त्यात नव्हताच. शिवाय महिन्याची सरासरी होती, तीत गर्दीचा तास कोणता ते कळत नव्हते. मुलाने मोजणी शून्यावर आणली, सोमवारी सकाळी दहा ते सव्वादहा एवढाच वेळ धरला, आणि दोन्ही तारांचे जाणारे-येणारे असे चार आकडे टिपले. जाणारे एकीवर, येणारेही एकीवर. फरक कमीअधिक नव्हता. सगळे आणि काहीच नाही, असा होता. मुलगा म्हणाला, "काका, इतका स्वच्छ फरक आला म्हणजे गणितात भर घालायला काही वेगळे मिळतच नाही, असा अर्थ."

आणि तसेच निघाले. त्या स्विचात गणित लावले होते ते मॅक पत्त्यांवर, म्हणजे यंत्राच्या कारखान्यात त्याला मिळालेल्या पत्त्यांवर. लिनक्सच्या मोळीतही काही सांगितले नाही तर हेच गणित लागते. एकाच मजल्यावर पुष्कळ यंत्रे एकमेकांशी बोलत असतील तर ते ठीक आहे. पण इथे दोन्ही इमारतींचे स्विच राऊटरचेही काम करीत होते. राऊटर काय करतो? टपालाच्या थैलीसारखे, आतल्या पाकिटाचा पत्ता तसाच ठेवून बाहेरच्या थैलीवर "या कचेरीतून त्या कचेरीस" असे लिहितो. इमारतींमधल्या तारांवरून जाणाऱ्या प्रत्येक थैलीवर मॅक पत्त्यांची तीच एक जोडी. गणितात तेच दोन आकडे पुन्हा पुन्हा घातले तर उत्तर निराळे येणार कोठून? गिरणीतल्या सगळ्यांचा तिकीट नंबर एकच असल्यासारखे हे झाले.

तेव्हा गणित आतल्या आयपी पत्त्यांवर लावावयाचे ठरले. मुलाने रीतसर लेखी परवानगी मागितली. ती मिळावयास चार दिवस लागले. बदल केला. आम्ही मोठ्या आशेने सकाळी दहाची वाट पाहिली. दुसऱ्या तारेवर थोडी हालचाल दिसली, ओहोळासारखी. पहिली जवळजवळ तितकीच भरलेली. मुलाचा चेहरा उतरला. खरे सांगावयाचे तर आमचाही उतरला. चौकशी दोन दिवसांवर आली होती.

त्या रात्री युनियनच्या कचेरीत बसून आम्ही पत्त्यांची यादी वाचली. यंत्रशास्त्र आम्हांला येत नाही, पण हजेरीपट वाचता येतो. वाचता वाचता ध्यानात आले की, सीटीचा शेवटचा आकडा १०, एमआरआयचा १२, कॅमेरे ४०, ४२, ४४ असे. आणि माणसांच्या टेबलांवरचे संगणक ११, १३, १५. ज्या कोणी पहिल्यांदा पत्ते वाटले त्याने यंत्रांना सम आणि माणसांना विषम असा नेटकेपणा केला होता. चित्रांच्या साठ्याचा पत्ता २०, कॅमेऱ्यांच्या साठ्याचा ३०, दोन्ही सम. त्या जातीच्या स्विचात दोन तारांसाठीचे गणित शेवटी एवढ्यावरच येई: दोन्ही पत्ते सम किंवा दोन्ही विषम असतील तर पहिली तार, एक सम, एक विषम असेल तर दुसरी. जड माल पाठवणारे सारे सम, घेणारेही सम. दुसऱ्या तारेच्या वाट्याला आल्या त्या टेबलांवरच्या माणसांच्या चिमुकल्या मागण्या. आम्हांला वडिलांच्या गिरणीची डावी खिडकी आठवली आणि हसू आले.

पत्ते बदलावयाचे म्हणजे प्रत्येक यंत्राला हात लावणे, आणि सीटीच्या यंत्राला त्याच्या कंपनीवाचून कोणी हात लावू शकत नाही. सोपा उपाय असा की, गणितात पोर्ट क्रमांकही घालावेत. प्रत्येक संवाद सुरू होताना तो सुरू करणारे यंत्र स्वतःसाठी एक नवा क्रमांक घेते, त्यामुळे त्याच दोन यंत्रांतले निरनिराळे संवाद निरनिराळ्या तारांवर जाऊ शकतात. यात एक गोम आहे, ती लिनक्सच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिली आहे: पाकीट मोठे असल्याने त्याचे तुकडे पाडले, तर तुकड्यांच्या बाबतीत पोर्ट क्रमांक जमेस धरता येत नाहीत, मग एकाच संवादातली काही पाकिटे एका तारेवर आणि काही दुसरीवर जाऊन क्रम बिघडू शकतो. हा प्रकार मानकाला सर्वस्वी धरून नाही. आम्ही हे चौकशीत लपवले नाही, अर्जातच लिहिले. मुलाने आधी तपासून पाहिले, तुकडे जवळजवळ पडत नव्हते. बदल झाला, आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजता दोन रेघा एकमेकींच्या जवळ आल्या. तंतोतंत समान नव्हत्या, तशा त्या व्हावयाच्याही नाहीत. पण माथ्याला कोणतीच टेकली नव्हती.

उलट दिशेचे काय? तिथे अजून जुनेच गणित चालू होते, कारण जुन्या इमारतीतला स्विच दुसऱ्या कंत्राटदाराकडे. आपला भाग दुरुस्त झाला तरी पलीकडचा त्याला बांधील नाही, असे जे मघाशी सांगितले ते हेच. डॉक्टर नव्या इमारतीत बसून चित्र उघडत, ते चित्र येणार जुन्या इमारतीच्या मर्जीने. तो कंत्राटदार म्हणे, आमच्याकडे तक्रार नाही. त्याला पत्र, स्मरणपत्र, मग समक्ष भेट, यांत तीन आठवडे गेले. बदल करावयास लागली पाच मिनिटे.

मध्यंतरी वरून एक सूचना आली की, तिसरी तार टाका म्हणजे प्रश्न सुटेल. खर्च मंजूर होण्याची तयारी होती! गणित न बदलता तिसरी टाकली असती तर तीही रिकामी राहिली असती. शिवाय तीनचा आकडाच अडचणीचा. सिस्कोच्या अनेक स्विचांत गणिताची उत्तरे आठच असतात आणि ती तारांत वाटली जातात. दोन तारांना चार-चार, चार तारांना दोन-दोन. तिघींना मात्र तीन, तीन आणि दोन. हिशेब मुळातच तिरपा.

मोठ्या जाळ्यांत याहून फसवा एक प्रकार होतो. समजा, गिरणीच्या मुख्य दारावरच सम नंबर डाव्या अंगणात आणि विषम उजव्या अंगणात पाठवले, आणि प्रत्येक अंगणात पुन्हा सम-विषम अशा दोन खिडक्या ठेवल्या. डाव्या अंगणात विषम माणूस येणारच नाही. तिथली एक खिडकी जन्मभर रिकामी. लागोपाठच्या स्विचांनी तेच गणित लावले म्हणजे असे होते. उपाय म्हणून प्रत्येक स्विचाच्या गणितात एक निराळा आकडा मिसळतात, म्हणजे दुसरी वाटणी पहिलीची नक्कल होत नाही. हा रोग शोधणाऱ्याला फार दमवतो, कारण प्रत्येक पेटी एकेकटी तपासली तर निर्दोष दिसते.

चौकशीच्या दिवशी आम्ही भाषण केले नाही. पंधरा तिकीट नंबर कागदावर लिहून नेले होते. साहेबांना म्हटले, सम डावीकडे ठेवा, विषम उजवीकडे. पंधराही सम होते. साहेबांनी पाच-सहा चिठ्ठ्या ठेवल्या, उरलेल्या चाळून पाहिल्या, आणि मुलाला विचारले, "म्हणजे हे पत्ते कोणी वाटले?" मुलगा म्हणाला, "साहेब, माझ्या नेमणुकीच्या आधी." एवढ्यावर नोटीस मागे घेतली गेली. पत्ते वाटणाऱ्याचा शोध घेऊ नये, असे आम्हीच सुचवले. त्या बिचाऱ्याने नेटकेपणाच केला होता, आणि त्या वेळी दोन इमारतींत तार एकच होती.

मुलगा कायम झाला काय, असे आपण विचाराल. नाही. कंत्राट दर ११ महिन्यांनी नवे होते. ती लढाई निराळी, आणि ती चालू आहे.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही, आणि या तारांनी ती सुटावयाचीही नाही. रोज रात्री चित्रांच्या साठ्याची एक नक्कल जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत जाते. ती जाते एकाच संवादाने. संवाद एक म्हणजे तार एक. एक गिगाबिटच्या दोन तारा बांधल्या म्हणजे दोन गिगाबिटची एक तार होत नाही. दोन बैलगाड्या शेजारी चालवल्या म्हणून एक अखंड तुळई दुप्पट वेगाने पोहोचत नाही, तशातलेच हे. असे थोर संवाद ओळखून त्यांची वेगळी व्यवस्था लावण्याच्या पद्धती इंटरनेटच्या अभियंत्यांनी २०१५ साली आरएफसी ७४२४ या टिपणात मांडल्या आहेत, पण त्या आमच्या रुग्णालयातल्या स्विचांना झेपणाऱ्या नव्हेत. नक्कल करणाऱ्या कार्यक्रमाने चार-सहा संवाद एकदम उघडले तर ओझे फुटेल. किंवा १० गिगाबिटची एकच तार टाकावी. मुलाने दोन्ही पर्याय खर्चासह लिहून दिले आहेत. कागद वर आहे.

तोवर नक्कल रात्री एकाच तारेवरून जाते आणि दुसरी मोकळी असते. मुलगा सकाळी आला की नोंदवहीत ते टिपतो. पुढच्या रकान्यात, दुसरी तार मोकळी का होती, त्याचे कारणही लिहितो, आणि खाली तारीख घालून सही करतो.